गाडीखालचा पुठ्ठा

गॅरेजच्या फरशीवर ऑइल साचतं ना, तसेच किस्से साचतात. रोज एखादा थेंब पडतो, त्यावर धूळ बसते, कोणी पुसायच्या भानगडीत पडत नाही. मग एक दिवस कोणाचा तरी पाय घसरतो आणि कळतं, अरे, इथं तर बोटभर थर झालाय!

धुळ्यात साक्री रोडला आमची तीन दुकानं एकाला एक लागून होती. मधलं दगडू आबांचं गॅरेज. डावीकडे इसाकभाई, रेडिएटरला डाग देणारा, म्हणजे गळक्या जागा झाळून बंद करणारा. उजवीकडे मी, बॅटरी आणि वायरिंगवाला. माझं नाव सुधाकर, तोंडावर सगळे सुधाभाऊ म्हणायचे आणि पाठीमागे 'करंट'. मी लवकर भडकतो म्हणे. भडकतो तर भडकतो! फ्यूज नसलेला माणूस काय कामाचा?

चौथा भिलाभाऊ. त्याचं दुकान नव्हतं, पण त्याच्याकडे एक जुनी अँबॅसेडर होती. ती गाडी असल्यावर माणसाला वेगळं दुकान लागत नाही, तो आपोआप गॅरेजातच राहतो. भिलाभाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजून आम्ही जमलो की त्याचेच किस्से निघतात. फक्त शेवटचा कोणी सांगत नाही. तिथपर्यंत आलं की कोणाला तरी काम आठवतं, कोणी चहाचे ग्लास गोळा करायला लागतं.

आज मी पूर्ण सांगणार आहे.

*

आधी आबांचा पुठ्ठा समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

कुठलीही गाडी गळते म्हणून आली, की आबा बॉनेट उघडायचे नाहीत. औषधाच्या दुकानातून आणलेल्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा होता, तो ते गाडीखाली सरकवायचे आणि चहा सांगायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "आबा, बघा ना जरा!" आबा म्हणायचे, "बघतोय ना. पुठ्ठा बघतोय." चहा होईपर्यंत पुठ्ठ्यावर थेंब पडलेले असायचे. मग आबा तो बाहेर ओढून उन्हात धरायचे आणि वाचायचे. ज्योतिषी पत्रिका वाचतो तसं तोंड करून! काळा जाड डाग असेल तर इंजिन ऑइल. उग्र वास मारला तर गिअरचं. तांबूस पाणी असेल तर रेडिएटर, होज पाइप, नाहीतर पाण्याचा पंप. शंका असली तर बोट लावून सरळ जिभेवर. "गंजाची चव आहे. रेडिएटर. इसाक, घे तुझं!"

इसाकभाई म्हणायचा, "आबा, या जिभेनं तुम्ही घरी जेवता कसे?"

आबा म्हणायचे, "जेवतो कुठे? गिळतो."

*

चोपड्याचा एक केळीवाला जुनी जीप विकायला निघाला होता. घेणारा म्हणाला, आधी आबांना दाखवतो. केळीवाला मोठा हुशार! त्यानं आदल्या दिवशी रॉकेलनं अख्खं इंजिन धुऊन काढलं. बॉनेट उघडलं तर आत नवरदेव बसल्यासारखं चकाचक.

आबा उठले. घरात जाऊन पावडरचा डबा घेऊन आले. तोंडाला लावायची पावडर हो, बायका लावतात ती! ती त्यांनी फुंकर मारून सगळ्या इंजिनावर उडवली, जीप चालू करून ठेवली आणि चहा सांगितला. थोड्या वेळानं पांढऱ्या पावडरवर मागच्या बाजूनं एक काळी रेघ खाली उतरायला लागली. केळीवाल्याचं तोंड पावडरपेक्षा पांढरं झालं.

घेणारा घाबरला. म्हणाला, "मागचं सील गेलं का आबा? म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा?"

"सील शाबूत आहे. वर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. गळतं वर आणि दिसतं खाली," आबा म्हणाले. "थेंब पडतो तिथं दुखत नसतं रे बाबा. वर बघायचं असतं."

सौदा झाला. दोघंही खूश होऊन गेले. इसाकभाईनं डबा उचलून वास घेतला आणि म्हणाला, "आबा, अक्कांची पावडर संपवता की काय? ओरडतील."

अक्का म्हणजे आबांची बायको. ती दिवाळीआधीच गेली होती. इसाकभाई तेव्हापासून गावालाच होता, त्या सकाळीच परतला होता, त्याला बातमीच कळली नव्हती. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो, पण बेट्यानं बघायला तर पाहिजे!

आबांनी झाकण लावलं. "आता नाही ओरडत," म्हणाले.

*

भिलाभाऊनं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. मालक हॉर्न वाजवल्यासारखी हाक मारायचा आणि हा ताटावरून उठायचा. लग्नात वऱ्हाडी पंगतीला बसले की हा गाडीत बसून डबा खायचा. एकदा एका मालकानं याच्या देखतच पाहुण्याला सांगितलं, "गाडी चांगली आहे, ड्रायव्हर तेवढा बदलायचाय." ते वाक्य भिलाभाऊच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच.

मग त्यानं ही अँबॅसेडर घेतली. कितव्या मालकाकडची होती कोण जाणे. रंग मूळचा कुठला यावरसुद्धा आमच्यात वाद होता. पण स्वतःची! साक्रीकडच्या खेड्यांतून पेशंट घेऊन धुळ्याला यायचा. अडलेल्या बाया, साप चावलेले, झाडावरून पडलेले. जाताना जे बरे झाले त्यांना न्यायचा, जे नाही झाले त्यांनाही न्यायचा. त्या भागात रात्री-अपरात्री हाकेला येणारी दुसरी गाडी नव्हती.

आणि ती गाडी पाणी प्यायची.

सकाळी रेडिएटर गळ्यापर्यंत भरायचा, साक्रीहून धुळ्याला येईतो काटा लालमध्ये. डिक्कीत पाण्याचे कॅन घेऊनच फिरायचा बिचारा. पहिल्यांदा आला तेव्हा आबांनी पुठ्ठा टाकला. चहा झाला. दुसरा चहा झाला. पुठ्ठा कोरडा.

मी म्हटलं, "घ्या! गळतच नाही. भिलाभाऊ, तूच रात्री उठून पितो का रे रेडिएटरचं पाणी?"

सगळे हसले. आबा नाही हसले. ते सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवे बसले, तळहात धरला. हात ओला झाला. मग चारही प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले. तीन काळेकुट्ट, एक धुतल्यासारखा स्वच्छ.

भिलाभाऊ खूश झाला. "हाऊ एक तरी चांगला शे!"

"हाच वाईट आहे," आबा म्हणाले. "हेडचं पॅकिंग फुटलंय. पाणी आत झिरपतं, वाफ होऊन जातं, म्हणून हा प्लग धुतला जातो. जो स्वच्छ दिसतो तोच आजारी आहे."

मग भिलाभाऊला समोर बसवून आबांनी जे सांगितलं, ते आम्ही तिघांनीही नंतर हज्जारदा दुसऱ्यांना सांगितलंय. "बाहेर गळतं त्याला घाबरू नको भिला. ते दिसतं, पुसता येतं. पाणी पितेय आणि खाली थेंब नाही, तेव्हा घाबरायचं. आत गळतं ते मारतं."

इंजिन खोलायचं म्हटलं तर गाडी कितीतरी दिवस उभी राहणार. भिलाभाऊचा जीवच खाली-वर झाला. "आबा, ती उभी ऱ्हायनी तं मी काय करू? आखो दुसराना गाडीवर जाऊ?"

आणि तो कॅन भरून निघून गेला.

*

पुढे बरेच महिने त्यानं ती गाडी कॅनच्या जिवावर ओढली. आणि तेवढ्यानं काय भागतं? वरून रेडिएटरही चिरला.

तेव्हा गाडीत वऱ्हाड होतं. शेवाळीच्या पुढे वाफेचा फवारा उडाला, काच पांढरी. बाया ओरडायला लागल्या. भिलाभाऊनं कधीतरी ऐकलं होतं, हळद टाकली की रेडिएटरची चीर बुजते. त्यानं मागे वळून विचारलं, "हळद शे का कोनाकडे?"

लग्नाच्या गाडीत हळद नसणार तर काय असणार! नवरदेवाच्या मावशीच्या मांडीवर अख्खा डबा होता. ती देईना. म्हणाली, "नवरीनी हळद शे, गाडीले कशी देऊ? अपशकुन व्हई." नवरदेवाचा काका म्हणाला, "मुहूर्त टळला तं काय शुभशकुन व्हई का?" शेवटी अर्धा डबा रेडिएटरमध्ये गेला. चीर बुजली, वऱ्हाड वेळेवर पोचलं, अक्षता पडल्या.

दुसऱ्या दिवशी इसाकभाईनं खालचा कॉक उघडला तर पिवळंधम्मक पाणी! आबा भिलाभाऊवर असे पेटले, की मी म्हणजे त्यांच्यापुढे झिरोचा बल्ब. "अरे, चीर बुजली तशा आतल्या नळ्याही बुजल्या! ताप उतरवायला नरडं आवळलंस तू!"

इसाकभाईनं रेडिएटर उतरवला, उकळत्या सोड्यात घालून नळ्या मोकळ्या केल्या. लग्नाचं म्हणाल, तर ती पोरगी वर्ष व्हायच्या आत माहेरी परत आली, कायमची. आणायला भिलाभाऊचीच गाडी गेली होती. तो सांगायचा, सगळ्या रस्त्यात ती एकदाच बोलली. विचारलं तिनं, "भाऊ, त्या दिवशीची हळद निघाली का हो सगळी?"

"निघाली म्हनं मी," भिलाभाऊ म्हणाला. "काय सांगू दुसरं?"

*

नव्वदच्या पुढे एक नवीन चीज आली. कूलंट! हिरवंगार पाणी, सरबत दिसायचं. एका डॉक्टरांच्या नव्याच गाडीचं बदलताना आबांनी सवयीप्रमाणे बोट बुडवून जिभेवर लावलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"गोड आहे रे!"

तो दिवसभर कौतुकाचा विषय. जो येईल त्याला आबा सांगायचे, मोठ्या लोकांच्या गाड्या आता गोड पाणी पितात म्हणून. काढलेलं पाणी ट्रेमध्ये तसंच बाहेर ठेवलं होतं.

आमच्याकडे एक कुत्रा होता, गिअर नावाचा. गिअरमध्ये उभी केलेली गाडी हलत नाही, तसा हा एका जागी पडला की हलायचा नाही म्हणून गिअर. त्यानं तो ट्रे चाटूनपुसून साफ केला. संध्याकाळी दारुड्यासारखा झोकांड्या खायला लागला. आम्ही हसलो. सकाळी त्याला उठता येईना. दोन-तीन दिवसांत गेला. त्याच दिवशी ते डॉक्टर गाडी न्यायला आले तेव्हा बोलता बोलता म्हणाले, ते विषारी असतं, जनावरं गोड म्हणून पितात.

गॅरेजच्या मागे खड्डा खणताना इसाकभाई एकदम थांबला. "आबा, चाटलं तर तुम्हीपण होतं!"

आबा माती ओढत होते. "मी थुंकलो रे," म्हणाले. "त्याला थुंकता येत नव्हतं."

त्या दिवसापासून आबांनी जिभेवर बोट लावणं सोडलं. राहिला फक्त पुठ्ठा.

*

हा किस्सा भिलाभाऊनं स्वतः सांगितलेला. एकदाच सांगितला आणि तोही खाली मान घालून.

धुळ्याच्या दवाखान्यात एका पेशंटला सांगितलं, आता घरी न्या. तरणा माणूस होता. बरोबर त्याचा म्हातारा बाप, बाकी कोणी नाही. मागच्या सीटवर लेकाचं डोकं मांडीवर घेऊन म्हातारा बसला. हातात पाण्याची बाटली आणि चमचा. थोडं थोडं पाणी लेकाच्या ओठांना लावत होता. कुसुंबा गाव मागे गेलं आणि म्हाताऱ्याचा चमचा थांबला. भिलाभाऊनं आरशात बघितलं आणि काय ते समजला. गाडी तशीच चालवत राहिला.

नेरच्या अलीकडे काटा लालमध्ये गेला. गाडी बाजूला घेतली, डिक्की उघडली, तर कॅन रिकामे! दवाखान्यात घाईघाईत भरायचे राहिले होते. उन्हाळ्याचे दिवस, जवळ विहीर नाही, वस्ती नाही. भिलाभाऊ बॉनेट उघडून नुसता उभा. मागच्या सीटवर मयत. त्याला रडू फुटलं. म्हाताऱ्याच्या नाही, त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी!

म्हाताऱ्यानं लेकाचं डोकं अलगद सीटवर ठेवलं. खाली उतरला आणि बाटली पुढे केली. बरीच शिल्लक होती.

भिलाभाऊ म्हणाला, "बाबा, हाई त्यानं पानी शे..."

"टाकी दे भो," म्हातारा म्हणाला. "त्याले आते कोठे तहान लागस?"

तेवढ्या पाण्यावर गाडी नेरपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिलाभाऊ गॅरेजात आला, चावी आबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "खोला."

*

हेड, म्हणजे इंजिनचं वरचं लोखंडी झाकण, उतरवलं. आबांचं बोलणं बरोबर निघालं. पॅकिंग जळून त्याला बारीक फट पडली होती, ज्या बाजूचा प्लग स्वच्छ होता बरोबर त्याच बाजूला. वर हेडही तापून तापून वाकलेलं. ते घासून सपाट करायला जळगावला न्यायचं ठरलं, तिकडे आबांच्या विश्वासाचा लेथवाला होता.

भिलाभाऊ म्हणाला, मीच नेतो. गोणपाटात गुंडाळलेलं ते वजनदार धूड घेऊन एसटीत चढला. मीही सोबत होतो, मला जळगावहून बॅटरीच्या प्लेटा आणायच्या होत्या. खिडकीची एक जागा मिळाली. त्या जागेवर यानं हेड ठेवलं आणि आपण उभा! पारोळ्याला एक बाई चढली, कडेवर पोर. कंडक्टर म्हणाला, "ओ, ते गाठोडं उचला, बाईंना बसू द्या."

भिलाभाऊनं हात जोडले. "अक्का, मना मुंडकावर बसा, पन याले बसू द्या. याले खाली हादरा बसना तं मी खपनू."

बाईनं गोणपाटाकडे बघितलं, याच्या तोंडाकडे बघितलं. तिला वाटलं असणार, आत काहीतरी देवाचं आहे. तिनं वाकून त्या हेडला नमस्कार केला आणि जळगावपर्यंत उभी राहिली. मी लाजेनं खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. दुसरं काय करणार?

हेड सरळ होऊन आलं. आबांनी नवीन पॅकिंग टाकलं, प्रत्येक बोल्ट देवाचं नाव घेतल्यासारखा कसला. गाडी चालू झाली. पुठ्ठा कोरडा, सायलेन्सर कोरडा, चारही प्लग एका रंगाचे. भिलाभाऊ साक्रीला जाऊन परत आला आणि आमच्या समोर रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी जिथल्या तिथं!

त्यानं आबांचे पाय धरले. आबा म्हणाले, "ऊठ रे! आता ते कॅन फेकून दे."

"ऱ्हाऊ द्या," भिलाभाऊ म्हणाला. "कोनी तहानेल भेटनं रस्तामा तं?"

इतका हसलेला तो आम्ही कधीच बघितला नव्हता. पेढे वाटले. गाडीच्या मागच्या काचेवर पेंटरकडून स्वतःचं नाव टाकून घेतलं आणि खाली एकच शब्द. मालक.

*

त्यानंतर फार दिवस गेले नसतील. मे महिना, दुपार, धुळ्याचं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही तिघं आबांच्या पत्र्याखाली बसलो होतो.

भिलाभाऊची गाडी आली. समोरची जाळी आत दबलेली, एक लाइट फुटलेला. आम्ही धावलो. तो दार उघडून आपल्या पायांनी उतरला.

नेरच्या पुढे रस्त्यात दगडाची ट्रॉली उभी होती, ना झाडाची फांदी ठेवलेली ना काही. समोरून ट्रक आला, याला बाजू काढता आली नाही, ब्रेक दाबता दाबता ट्रॉलीवर गेला. नशीब, गाडीत पेशंट नव्हता. बाळंतिणीला गावी सोडून रिकामाच परत येत होता.

"तुला लागलं का रे?" आबांनी विचारलं.

"माले काय नई व्हयनं. स्टेरिंग जरासं पोटमा बसनं. आबा, तुम्ही गाडी दखा. रेडिएटर फुटना का दखा. हेडले काय व्हयनं का दखा!"

आम्ही त्याला वरून खालून बघितलं. शर्टाचं एक बटण तुटलेलं, बाकी कुठं खरचटलंसुद्धा नाही. रक्ताचा डाग नाही. पांढरा शर्ट, सकाळी घातला असेल तसाच स्वच्छ. मग आम्ही गाडीकडे वळलो.

इसाकभाई जाळी ओढून रेडिएटरच्या पात्यांवरून हात फिरवायला लागला. मी फुटलेल्या लाइटच्या वायरी बघायला घेतल्या. आबांनी पुठ्ठा आणला, स्वच्छ बाजू वर केली आणि गाडीखाली सरकवला. चहा सांगितला.

भिलाभाऊ माठाजवळच्या बाकड्यावर बसला. ग्लासभर पाणी प्यायला. परत भरला, प्यायला. आम्हाला तिकडून विचारत होता, "थेंब पडना का?" आबा वाकून बघायचे आणि सांगायचे, "अजून नाही." तो मान हलवायचा आणि माठात ग्लास बुडवायचा.

चहा आला. त्यानं घेतला नाही. म्हणाला, "चहा नको, पानीच बेस शे." कपाळावर घाम आला होता, तो शर्टाच्या बाहीनं पुसत होता. मे महिन्यात घाम कोणाला येत नाही?

इसाकभाई रेडिएटरजवळून ओरडला, "भिलाभाऊ, माठ रिकामा करतोस का? गाडीनं सोडलं आणि आता तू प्यायला लागलास!"

आम्ही खो खो हसलो. भिलाभाऊही हसला, पोटावर हात दाबून.

आबा गाडीखाली झोपले. हेडपासून चेंबरपर्यंत सगळीकडे बॅटरीचा उजेड पाडला, प्रत्येक जोडावर बोट फिरवून बघितलं, आणि मग पुठ्ठा बाहेर ओढत स्वतःही सरकत बाहेर आले. उभं राहून त्यांनी तो पुठ्ठा दोन्ही हातांत उन्हात धरला आणि आम्हाला सगळ्यांना दाखवला.

"कोरडा ठणठणीत! एक थेंब नाही भिला!"

भिलाभाऊनं भिंतीला डोकं टेकलं. तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण हसू तेच, पेढे वाटतानाचं.

"मंग सगळं बेस शे," तो म्हणाला आणि रिकामा ग्लास पुढे केला. "आबा, आखो थोडं पानी द्या ना."

आबा पुठ्ठा तसाच हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले.